एकशे त्रेसष्ट फोटो आणि एक भिंत

११ जानेवारी २०१८, गुरुवार

मेला! पूर्ण मेला. बटण दाबून दाबून अंगठा दुखायला लागला, पण पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही. दोन चार्जर बदलले, बॅटरीवर फुंकर मारली. देवाचं नाव घेतलं. काही नाही.

वरवटच्या फाट्यावर बसची वाट बघत होतो. फोन आठवडाभर 'अपडेट करा' म्हणून मागे लागला होता. बॅटरी अकरा टक्के. मी 'होय' दाबलं. अर्ध्यात पडदा काळा झाला तो झालाच.

आत भिंगारखेडच्या एकशे त्रेसष्ट शेतकऱ्यांचे फोटो आहेत. कृषी सहायक म्हणून मी केलेल्या बोंडअळीच्या पंचनाम्याचे. गावात नेट लागत नाही, म्हणून फोनमध्येच साठवून ठेवले होते, संग्रामपूरला आल्यावर पाठवायचे होते. पाठवले नाहीत. शेवटची तारीख पंचवीस.

अकरा टक्क्यांवर अपडेट करू नये हे मला माहीत नव्हतं का? इथे कुणी वाचणार नाही, तर खोटं कशाला लिहू. थोडं माहीत होतं.

१२ जानेवारी, शुक्रवार

पुंजाजी सकाळी दारातच उभा. भिंगारखेडचा जुना माणूस, कुणाचं काहीही अडलं की हा पुढे. बातमी त्याला कुणी दिली देव जाणे! "चाला साहेब, बशीरभाईकडे. त्याची पोरगी मेलेला फोन उठवते म्हनतेत."

बसस्टँडमागे बशीरभाईंचं दुकान. ते पूर्वी रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचे, आता डोळ्यांनी दिसत नाही. मोबाइलचं काम मुलगी करते, गुलनाज. पंचविशीची असेल. अकोल्याला शिकून आली आहे. बोलणं कमी, नजर जास्त. तिने फोन कॉम्प्युटरला जोडला, एका छोट्या यंत्राचा काटा किती हलतो ते बघितलं आणि म्हणाली, "डेड नाही हा. बेशुद्ध हाये. आतली सिस्टिम अर्धी लिहिली गेली, अर्धी राह्यली. त्याले समजूनच नाही राह्यलं का आपुन कोन हावो."

"मंग शुद्धीवर येईन ना?" पुंजाजी.

"येईन. पन वरून नाही उठत आता हा. बोर्डापासून उठवा लागन."

पुंजाजीने माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसलो. हसता आलं याचंच आश्चर्य वाटलं.

१३ जानेवारी, शनिवार

आज लिहूनच टाकतो. पोटात ठेवून ठेवून आंबलं आहे.

ते फोटो वावरातले नाहीत.

डिसेंबरात तीन गावं माझ्याकडे आणि आठ दिवस. प्रत्येक वावरात जायचं, शेतकऱ्याला पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत उभं करायचं, किडकी बोंडं हातात, सातबारा हातात, आणि फोटो. फोटोच्या कोपऱ्यात जागेचे आकडे आपोआप उमटतात. भिंगारखेडची अर्धी वावरं नाल्यापलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. आधीची दोन गावं हिंडून होईतोच माझ्या पायात गोळे आले होते. पुंजाजी म्हणाला, "कायले हिंडता साहेब? गावाले पारावर बलावतो. ज्याची त्याची बोंडं घेऊन येतीन. बोंड वावरात किडकं तेच पारावर किडकं!"

मला ते पटलं. पटायचंच होतं. दोन दिवस मारुतीच्या देवळाच्या पारावर खुर्ची टाकून बसलो. माणसं पिशव्यांतून बोंडं घेऊन आली, रांग लागली, चहा आला. एकामागून एक बोंड फोडायचे, आत गुलाबी अळी नाहीतर कवडीसारखा घट्ट कापूस. सगळं खरं. फक्त जागा खोटी. एकशे त्रेसष्ट वावरं आणि आकडे एकाच पाराचे!

फोन उठला तर फोटो वर जाणार आणि कुणीतरी ते आकडे बघणार. गावाचं नुकसान फोटोत दिसतंय, तारीख आहे, माणूस आहे. साहेब लोक गावाला कदाचित सांभाळून घेतील. मला नाही घेणार. चौकशी लागणार, आणि बदलीचा अर्ज मंजुरीच्या टेबलावर आलाय तो तिथेच कुजणार.

फोन नाही उठला तर मी सुटलो. यांत्रिक बिघाड. पण मग गावाकडे पुरावा उरत नाही. दुसऱ्यांदा पंचनामा करायला वावरात पऱ्हाटीच नाही. 'फरदड घेऊ नका, जुन्या झाडांवर पुन्हा कापूस नको, अळीचा मुक्काम मोडा, पऱ्हाटी उपटा' म्हणून गावभर सांगत मीच तर हिंडलो! माझं ऐकून उपटली बिचाऱ्यांनी.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. श्रद्धाचा फोन, या माझ्या जुन्या बटणाच्या डबड्यावर. ती हिवरा आश्रमला शाळेत, मी इथे. चार वर्षं झाली असा संसार चाललाय. "तीळगूळ घे अन् गोड बोल," म्हणाली. मग विचारलं, "शंतनु, आवाज असा काऊन येऊन राह्यला तुझा?"

सर्दी, म्हटलं.

१६ जानेवारी, मंगळवार

सत्यभामाबाईंनी आज भर रस्त्यात गाठलं. पंचावन्नच्या पुढच्या, नाल्यापलीकडे तीन एकर, एकटीच्या हिमतीवर करतात. डिसेंबरात सगळं गाव पारावर आलं, ह्या नाही आल्या. निरोप धाडला होता: "बोंडं पिशवीत भरून आनाले मी काय भाजी इकाले चालली? वावर पाहाचं असन त वावरात या म्हना."

मी गेलो नाही. 'उद्या जाऊ' असं म्हणत म्हणत महिना काढला. त्यांची पऱ्हाटी अजून उभी आहे. अख्ख्या गावात तेवढीच. शेजारचे बोंबलतात की हिच्या वावरातली अळी पुढच्या साली आमच्याकडे येणार. आणि ते बरोबरच बोलतात, मीच शिकवलंय त्यांना.

"फोन जिंदा झाला का साहेब?"

"नाही अजून."

"दुसऱ्याचा फोन नाही चालत?"

"नाही हो. ते ॲप ह्याच फोनला बांधलेलं आहे." हे मात्र खरं आहे.

"मंग होऊ द्या. विहिरीले पानी हाये, भुईमूग पेराचा हाये मले. पन तुम्ही पाह्यल्याशिवाय उपटत नाही मी. एकदा उपटली का मंग कोन इस्वास ठेवते?"

म्हणजे त्यांचं उन्हाळी पीक माझ्या पायांसाठी अडून बसलंय. नुसता गेलो तरी काय होईल? सत्यभामाबाई गावभर विचारतील, मले वावरात आन् बाकीच्यांले पारावर काऊन? बोभाटा ऑफिसापर्यंत जाईल, झाकली मूठ उघडी पडेल. असा विचार मी केला. हे वाचून मला माझीच किळस येते, पण केला.

१७ जानेवारी, बुधवार

पुंजाजीचा फोन. "आला का शुद्धीवर?" जावई दवाखान्यात असल्यासारखं विचारतो.

१८ जानेवारी, गुरुवार

गुलनाजने आज फोन उघडला. गरम हवेने मागचं झाकण सोडवलं, बॅटरीची तार काढली, पत्र्याचं एक टोपण उचललं. आत हिरव्या पाटीवर सगळं शहर वसलेलं. त्यात तिने मला दोन ठिपके दाखवले. खसखशीच्या दाण्याएवढे!

"हे दोन चिमट्यानं जोडाचे आन् त्याच टायमाले केबल लावाची. मंग चिप समदं सोडून आपल्या पह्यल्या झोपेत जाते. कंपनीनं जे आत कोरलं तेवढंच तिच्यापाशी राह्यते. ते कवाच मरत नाही."

दिवा मी धरला. तिचा हात अजिबात हलत नव्हता. तीनदा चुकलं. चौथ्यांदा केबल घातली आणि कॉम्प्युटरने फोन ओळखून 'टुंग' केलं.

"आलं!" बशीरभाई आतून ओरडले. डोळ्यांनी दिसत नाही, पण तो आवाज त्यांना बरोबर कळतो. "आलं ना पोर्ट? बोललो होतो साहेब, माही बेटी उठवते म्हनून!"

त्या आवाजाने मलाही बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. आठ दिवस मढं होतं ते पहिल्यांदा 'ओ' देत होतं. पुढच्याच क्षणी पाराचे आकडे आठवले.

"आज फकत वाचाचं," ती म्हणाली. "लिहाचं शनवारी. याच मॉडेलची फाइल पाह्यजे. गलत फाइल लिहिली का मंग हा खरंच मरन." फाइल अकोल्याच्या तिच्या उस्तादाकडे आहे. तो पेनड्राइव्ह बसच्या कंडक्टरजवळ देणार. पडद्यावर एक हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. दोन तास तरी लागतील, म्हणाली. मी निघून आलो.

निघताना तिने एक यादी दाखवली. फोनच्या आतले कप्पे, प्रत्येकापुढे चौकट. "ह्या कप्प्यात तुमचे फोटो. लिहिताना इथली टिक काढली का फोटो वाचतेत, फकत सिस्टिम नवी होते. टिक ठेवली का समदं पुसून कोरा फोन. वाचवाचेच हायेत ना?"

"शनिवारी बघू," म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. वाचवायचे का, या प्रश्नाला 'शनिवारी बघू' असं उत्तर कुणी देतं का!

१९ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसात साहेबांना हळूच सांगितलं, की फोन सुरू होईल पण आतलं राहील की नाही सांगता येत नाही. त्यांनी फाइलवरची मान वर केली नाही. "गेलं तर गेलं. यांत्रिक बिघाड म्हणून लिहून द्या. यादी पुराव्याअभावी परत जाईल. तुमच्यावर काही येत नाही."

किती सोपं! दार सताड उघडं. नुसतं चालत बाहेर पडायचं.

दुपारी गाडी काढून भिंगारखेडच्या नाल्यापर्यंत गेलो. पलीकडे सत्यभामाबाईंची पऱ्हाटी दिसत होती, वाळून काळपट पडलेली, चहूकडच्या मोकळ्या वावरांत एकटीच. त्या बांधावर बसल्या होत्या. मला बघितलं असावं. मी गाडी वळवली.

२० जानेवारी, शनिवार

पुंजाजी सोबत होता. दुकानाबाहेर बाकावर बशीरभाईंबरोबर चहा पीत बसला. आत मी आणि गुलनाज.

तिने पुन्हा ठिपके जोडले, पुन्हा 'टुंग'. यादी उघडली. हात माउसवर.

"फोटोची टिक काढू ना?"

बाहेर पुंजाजी सांगत होता, की त्याच्या धाकट्या भावाचं नाव यादीत एकोणचाळीसवं आहे.

मी म्हणालो, "नको. फोन नीट चालू झाला पाहिजे. कोराच करा."

"समदं पुसू?"

"हो."

"साहेब, फोटो वाचते. मी सांगून राह्यली ना, वाचते."

"पुसा म्हटलं ना!" मी ओरडलो. तिच्यावर. बाहेर स्टँडवर बसचा भोंगा वाजत होता, तिथे काही ऐकू गेलं नसावं.

तिने बटण दाबलं. साडेसहा मिनिटं लागली. फोन थरथरला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, आणि मग तो नव्या नवरीसारखा नम्रपणे विचारू लागला: भाषा निवडा.

बाहेर येऊन पुंजाजीला म्हणालो, फोन सुरू झाला, पण फोटो गेले. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानेच माझा खांदा धरला. "जाऊ द्या साहेब. तुम्ही काय कमी धावपळ केली? नशिबात नव्हतं गावाच्या." शिवी दिली असती तर बरं झालं असतं!

२१ जानेवारी, रविवार

घराबाहेर पडलो नाही. कोरा फोन टेबलावर पालथा घालून ठेवला आहे.

२२ जानेवारी, सोमवार

चार्जर दुकानात राहिला होता. आणायला गेलो तर गुलनाजने चार्जरसोबत एक पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

"काय आहे हे?"

"तुमचे फोटो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बेस्तवारी वाचलं ना. वाचलं म्हंजे उतरून घेतलं. मी कोनाच्याबी फोनले हात लावाच्या पह्यले आतलं समदं काढून ठेवते. उस्तादानं शिकवलं. गिऱ्हाईक घाबरते, चुकते, मंग रडत येते."

"मग शनिवारी बोलली का नाहीस?"

"बोलली. दोनदा बोलली. तुम्ही ओरडले."

मी चार्जर उचलला. तिने आवाज खाली आणला, आत बशीरभाई होते. "फाइल बराबर उतरली का नाही म्हनून काल खोलून पाह्यली. समद्या फोटोत एकच भिंत हाये साहेब. शेंदरी पट्टा, बाजूले घंटी. एकशे त्रेसष्ट मानसं आन् एक भिंत. माह्या ध्यानात आलं."

मी वळून आतल्या दाराकडे बघितलं, बशीरभाईंनी ऐकलं की काय.

"मी कोनाले सांगत नाही. अब्बालेबी नाही सांगतलं. पन एक आयका. काल तुमच्या गावचे तिघं आले, आपापले फोन वापस घेऊन गेले. म्हने, गुलनाजनं गावाचे फोटो उडवले. पाच वर्सं झाले मले ह्या खुर्चीवर. बाईच्या हातात फोन द्याले लोकं भेत होते, एकेक करून इस्वास कमावला मी. तुम्ही एका टिकनं उडवला."

रडत नव्हती. रागाने लाल झाली होती, आणि तो राग शंभर टक्के माझ्या वाट्याचा होता. मी पेनड्राइव्ह खिशात घातला. परत येताना दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होतो.

२३ जानेवारी, मंगळवार

रजा टाकली. सकाळपासून एकच काम केलं, पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं.

'...सदर छायाचित्रे प्रत्यक्ष शेतात न घेता गावातील पारावर घेतली. हा निर्णय माझा होता. बोंडे त्या त्या शेतकऱ्याच्या शेतातील आहेत. शेतकऱ्यांचा दोष नाही, त्यांना वगळू नये. छायाचित्रे नष्ट झाल्याचे मी सांगितले ते खोटे होते. दुरुस्ती करणाऱ्यांची कोणतीही चूक नाही.'

दुपारी पुंजाजीला बोलावून वाचून दाखवलं. शेवटच्या ओळींना तो उठून उभा राहिला. वाटलं, आता हाणतो. तो खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "पाराची अक्कल माही होती. माहंबी नाव लिहा तेच्यात."

"तुमचं कशाला?"

"लिहा म्हनतो ना! आन् त्या पोरीच्या दुकानात मी सोता जातो उद्या. माह्याच तोंडानं गावभर सांगतलं मी, तिनं उडवले म्हनून."

त्याचं नाव लिहिलं. पत्र आणि पेनड्राइव्ह पाकिटात घातले. श्रद्धाला फोन करून सगळं सांगितलं, पारापासून टिकपर्यंत. तिने विचारलं, "बदली गेली ना?" "गेली." "जाऊ दे. जेवलास का?" मला रडू आलं. येऊ दिलं.

उद्या पहिल्यांदा सत्यभामाबाईंच्या वावरात जायचं, मग ऑफिसात. फोनमध्ये ॲप पुन्हा घातलंय, जागेचे आकडे दाखवतंय. निदान एक तरी पंचनामा खरा होईल. गावातली एकुलती उभी पऱ्हाटी बघितली तर साहेबही बाकीच्यांचं खरं मानतील. किती दिवसांनी आज मोकळा श्वास घेतोय.

२४ जानेवारी, बुधवार

सकाळी आठला नाला ओलांडला. सत्यभामाबाई बांधावरच होत्या. "शनवारी आयकलं, फोन जिंदा झाला. म्हटलं, येतीन आता साहेब. रविवारी वाट पाह्यली. सोमवारी पाह्यली. काल ट्रॅक्टर भेटला." तीनही एकर उलटून काळंभोर पडलं होतं, एक काडी शिल्लक नाही. तरी मी फोन काढला, त्यांना मध्ये उभं केलं, फोटो घेतला. जागेचे आकडे अगदी बरोबर उमटले.